मोटारहोम निवडताना आधी वजन आणि मुक्काम पाहावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर राहते घर सोडून कायमचे मोटारहोममध्ये, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाडीत, राहायला जाणाऱ्या जोडप्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे जो लेख प्रसिद्ध झाला, त्यामुळे आमच्या परिचयातील कितीतरी घरांत या विषयाची चर्चा सुरू झाली आहे. लेखातील छायाचित्रे सुंदर होती आणि त्या जोडप्यांचे समाधानही खरे असणार. परंतु पहिली गाडी कशी निवडावी याबद्दल त्यात आसनांचे कापड, छतातले दिवे आणि दूरचित्रवाणी संच यांपलीकडे काही आले नाही. माझी सारी नोकरी बस आणि व्हॅनच्या बॉडीबांधणीच्या कामात झाली असून आता पत्नी व मी वर्षाचा मोठा भाग अशाच गाडीत राहतो, त्यामुळे सल्ला विचारायला बरेच लोक येतात. त्यांना मी जे सांगतो ते आपल्या वाचकांपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र.

कायम राहण्यासाठीची पहिली गाडी दोन प्रश्नांवर निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. संसार भरल्यानंतर ती किती जड होते, आणि उभी असताना, विशेषतः उन्हाळ्यात व पावसाळ्यात, तिच्यात माणसाला राहता येते का? आतली सजावट हा यानंतरचा विषय आहे. चार दिवसांच्या सहलीत जी गैरसोय गमतीत खपून जाते, तीच रोजची झाली की माणूस थकतो, आणि साठी ओलांडलेला माणूस अधिक लवकर थकतो.

या दोन्ही प्रश्नांच्या आधी कागदपत्रांचा प्रश्न येतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सारे व्यर्थ जाते. एखाद्या शाळेची किंवा सहल कंपनीची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात घ्यायची, ओळखीच्या गॅरेजमध्ये आसने काढून पलंग आणि ओटा बसवायचा आणि निघायचे, हा बेत मी वारंवार ऐकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. दंड भरून मोकळे होता येईल असे कोणी म्हणेल. परंतु अपघात झाल्यावर विमा कंपनीचा निरीक्षक नोंदणीत तेरा आसनांची प्रवासी गाडी आणि प्रत्यक्षात गॅसची शेगडी व पलंग पाहील, तेव्हा दाव्याचे काय होईल याचा विचार आधीच केलेला बरा.

मोटार कॅरॅव्हॅनसाठी (मोटारहोमचे कागदोपत्री नाव) आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्था वाहनांची मान्यता-चाचणी करतात. विक्रेत्याकडे सर्वांत आधी त्या मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे, ते ज्या मॉडेलचे आहे तेच मॉडेल आपल्याला मिळत आहे ना हे पाहावे, आणि ‘नोंदणीचे आम्ही बघून घेऊ’ असे तोंडी उत्तर मिळाले तर तिथून परत यावे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांमध्ये मोडते, म्हणजे ती पांढऱ्या नंबरपट्टीवर रीतसर नोंदवता येते. सरळ मार्ग उपलब्ध असताना आडवाटेने जाण्याचे काही कारण नाही.

आता वजन. प्रत्येक वाहनाला निर्मात्याने ठरवून दिलेले कमाल एकूण वजन असते. त्यातून पूर्ण तयार झालेल्या रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की संसारासाठी किती किलो उरतात ते कळते, आणि हा आकडा विक्रेता स्वतःहून कधी सांगत नाही. उदाहरणासाठी, कमाल वजन ३,५०० किलो असलेली गाडी आतले सर्व काम झाल्यावर ३,०५० किलो भरली असे धरू. उरले ४५० किलो. दोन माणसांचे १४० किलो, १२० लिटर पाण्याचे १२० किलो, भरलेल्या घरगुती सिलिंडरचे सुमारे ३० किलो आणि कपडे, अंथरूण, भांडी व धान्य यांचे मिळून १०० किलो धरले तर ६० किलो राहतात. त्यात जॅक, हत्यारे, छतावरचा तंबू, दोन खुर्च्या, औषधांची पेटी आणि पुस्तके आली की गणित संपले. मुलगा आणि नातू चार दिवसांसाठी आले तर गाडी त्याच क्षणी मर्यादेबाहेर जाते.

कमाल वजनाच्या पलीकडे गेलेली गाडी सपाट महामार्गावर काही तक्रार करत नाही, हाच त्यातला धोका आहे. ती तक्रार करते ती कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना, ब्रेक तापल्यावर. शिवाय आपल्याकडे सुतारकाम घरासारखे करून घेण्याची हौस असते. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची आठ बाय चार फुटांची एक शीट साधारण तीस किलोंची असते आणि चार बाय दोन फुटांचा ग्रॅनाइटचा ओटा पस्तीस किलोंच्या आसपास जातो. गाडीत ग्रॅनाइटचा ओटा हवा असा आग्रह धरणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत. हलके प्लाय, ॲल्युमिनियमचे सांगाडे आणि स्टीलचा पातळ ओटा यांनी तेवढेच काम होते आणि शंभर-दीडशे किलोंचे ओझे सहज वाचते.

म्हणून पैसे पूर्ण चुकते करण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर नेण्याची अट घालावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी; वजाबाकी केली की मागच्या आसावर (ॲक्सलवर) किती भार आहे ते कळते. पाण्याची टाकी, बॅटरी आणि पलंगाखालचे सामान सहसा मागेच जाते, आणि एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मात्र मर्यादेबाहेर गेल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. याच वेळी टायरवरचा चार अंकी आकडाही वाचावा. त्यातले पहिले दोन अंक आठवडा दाखवतात आणि शेवटचे दोन वर्ष. प्रदर्शनासाठी किंवा विक्रीसाठी दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर न झिजताही जुने होतात, त्यांच्या बाजूंना बारीक भेगा पडतात, आणि ते केवळ नक्षी पाहून कळत नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. परदेशातील मोटारहोमविषयी जे साहित्य सहज उपलब्ध आहे, त्यात थंडी आणि हीटर यांना मोठी जागा असते. आपला प्रश्न उलटा आहे. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या छताखाली उभी असलेली गाडी कशी होते, हे मी सांगायला नको. याला वातानुकूलन यंत्र हे उत्तर प्रत्येक विक्रेता देतो, म्हणून तेही गणित मांडतो. एक टनाचे इन्व्हर्टर यंत्र रात्री सरासरी ६०० वॅट घेते असे धरले, तर आठ तासांना ४.८ युनिट वीज लागते. १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना २.५६ युनिट देते, तीही अखेरच्या थेंबापर्यंत काढली तर. छतावर ४०० वॅटचे सौर पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हात दिवसाकाठी दीड ते दोन युनिट मिळतात. आषाढ-श्रावणात कोकणात याच्या चौथ्या हिश्शाचाही भरवसा धरू नये. म्हणजे बाहेरून वीजजोडणी मिळाल्याशिवाय रात्रभर यंत्र चालवायचे तर एका बॅटरीने भागत नाही आणि दोन घेतल्या तरी त्या भरायला पुरेसे ऊन छतावर मावत नाही. जनरेटर हा पर्याय आहे, परंतु त्याचा आवाज आणि धूर शेजारच्याने का सोसावा?

खरा उपाय गाडी बांधतानाच करावा लागतो. छतात आणि भिंतींत चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक फोम आहे का, तो पत्र्याला सर्वत्र चिकटलेला आहे का, छताला गरम हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा आहे का, समोरासमोर उघडणाऱ्या आणि बारीक जाळी असलेल्या खिडक्या आहेत का, हे विचारावे, आणि छताचे आतले अस्तर एका कोपऱ्यात उघडून दाखवायला सांगावे. दुसरा उपाय मुक्कामाचा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यामुळे सुमारे १,३७० मीटर उंचीचे महाबळेश्वर किंवा सुमारे १,१०० मीटरवरचे चिखलदरा उन्हाळ्यात जे देते ते कोणतीही बॅटरी देऊ शकत नाही. चाकांवर राहण्याचा मोठा फायदाच हा की ऋतू बदलला की जागा बदलता येते. मात्र मे महिन्यात या गावांत साधी मोटार लावायला जागा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवून वेळापत्रक आखावे लागते.

पावसाळ्याविषयी थोडक्यात एवढेच की छतात जितकी भोके, तितक्या गळतीच्या शक्यता. पंखा, सौर पॅनेल, वातानुकूलन यंत्र, अँटेना या प्रत्येकाभोवतीचे सीलंट मृगापूर्वी दरवर्षी तपासावे लागते. छतावर चढणे वयोमानाने जमणार नसेल तर ते कोण करणार, याचे उत्तर गाडी घेण्याआधी हवे. कोकणात चार दिवस सलग पाऊस लागला की बंद गाडीत श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ साचून कपाटांच्या मागे बुरशी धरते. म्हणून कपाटांच्या पाठी भिंतीला थेट टेकवलेल्या नसाव्यात.

स्वयंपाकाकडे लेखात अगदीच दुर्लक्ष झाले होते. आपल्या घरात रोज फोडणी होते, कुकरच्या शिट्ट्या होतात, भाकरी किंवा पोळी भाजली जाते, आणि गाडीत हे सारे पलंगापासून हातभर अंतरावर होते. माझी सूचना अशी की पसंत पडलेल्या गाडीत नवरा-बायको दोघांनी मिळून एक पूर्ण जेवण रांधून पाहावे. चहा करून पाहणे पुरेसे नाही. धूर किती वेळात जातो, एकजण ओट्याशी असताना दुसऱ्याला न्हाणीघरात जाता येते का, कणीक मळायला जागा कुठे आहे, हे तासाभरात कळते. विशेषतः जिच्यावर या स्वयंपाकाचा भार आजवर पडत आला, तिचे मत अंतिम मानावे. गॅसच वापरायचा असेल तर सिलिंडरचा कप्पा आतल्या जागेपासून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा झरोका असलेला हवा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास खालीच साचतो. वायुगळती आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी दोन्ही यंत्रे आणि दाराजवळ अग्निशामक, यांत तडजोड नसावी.

पलंग कायमचा मांडलेला असावा. रोज रात्री टेबल खाली करून, गाद्या जोडून पलंग करायचा आणि सकाळी पुन्हा मोडायचा, हा उद्योग सुट्टीत चालतो. ताप आलेला असताना किंवा कंबर धरलेली असताना चालत नाही. ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते त्यांनी बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे ना हे पाहावे, कारण ते औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते आणि बर्फाच्या पेटीचा भरवसा धरता येत नाही.

न्हाणीघराचे पाणी आणि शौचालयाची टाकी हा विषय लोक संकोचाने टाळतात. मी टाळणार नाही. अशा गाड्यांतील सुट्या टाकीच्या शौचालयात साधारण वीस लिटर मावतात आणि दोन माणसांना ती तीनेक दिवसांत रिकामी करावी लागते. युरोपात किंवा अमेरिकेत यासाठी ठिकठिकाणी केलेल्या जागा असतात. आपल्याकडे तशी सोय नाही म्हटले तरी चालेल, म्हणून ज्यांच्या आवारात मुक्काम आहे त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या शौचालयात टाकी रिकामी करणे हाच सभ्य मार्ग उरतो. टाकीत घालायचे रसायन फॉर्माल्डिहाइडचे नसावे. त्याने सेप्टिक टँकमधील उपयोगी जिवाणू मरतात आणि पाहुणचार करणाऱ्याचे नुकसान होते. नदीकाठी, ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला ही टाकी ओतणाऱ्यांबद्दल मला तीव्र चीड आहे, आणि असे दोन-चार प्रकार झाले तर गावेच्या गावे आपल्याला उभे राहू देणार नाहीत.

कुठे उभे राहायचे यावरून गाडीचा आकार ठरतो. लांब गाडी आत ऐसपैस असते, पण देवळाच्या आवारात, गावातल्या वळणावर आणि रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात ती अडते. छतावरच्या यंत्रासह उंची मोजून तो आकडा चालकासमोर चिकटवून ठेवावा. खेड्यांत लोंबणाऱ्या तारांसाठीही तो लागतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने आपल्याला हवीशी वाटते त्याहून एक माप लहान गाडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि त्यात कॅरॅव्हॅन पार्कची, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागांची, कल्पना आहे, परंतु आज प्रत्यक्षात मुक्काम होतो तो कृषी पर्यटन केंद्रांत, ओळखीच्या शेतात, भक्तनिवासाच्या वाहनतळावर किंवा पेट्रोल पंपाच्या मालकाला विचारून. गोव्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे २०१९ च्या कायदा दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी आहे आणि त्यासाठी दंड होतो. बाहेर शेगडी मांडून जेवण करण्याच्या भरवशावर आतला ओटा लहान ठेवणाऱ्यांची तिथे अडचण होते.

परवान्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला चालतो, त्यामुळे बहुतेक मोटारहोम त्यात बसतात. पण पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी आणि वैद्यकीय प्रमाणपत्रासह होते, म्हणून दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येत असेल तर दुसऱ्याने आधी शिकून घ्यावे. चालवणारा आजारी पडला तर घरच जागचे हलत नाही, ही अवस्था फार वाईट. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर कलम ४७ प्रमाणे तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि राज्य बदलले तरी पुन्हा नोंदणी न लागणारा भारत मालिकेचा (बीएच) क्रमांक नोकरीतल्या ठरावीक वर्गांसाठी असल्याने निवृत्तांना तो सहसा मिळत नाही. मतदार यादी, बँकेची केवायसी, आरोग्य विमा, वाहनाची नोंदणी, या सर्वांना कायमचा पत्ता लागतो. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ही मोठी सोय झाली; बाकी ठिकाणी पत्रच येते आणि ते घेणारे कोणीतरी लागते. या कारणासाठी, गाडीच्या किमतीसाठी राहते घर विकण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. निदान पहिली दोन वर्षे ते भाड्याने द्यावे किंवा त्यातली एक खोली आपल्याकडे ठेवावी.

आणि विकत घेण्यापूर्वी तशीच गाडी भाड्याने घेऊन राहून पाहावे, हे सर्वच सांगतात. माझी भर एवढीच की ती डिसेंबरात घेऊ नये. डिसेंबरात महाराष्ट्रात तंबूतही सुखाने राहता येते. एकदा मे महिन्याच्या मध्यावर पठारावर आणि एकदा जुलैत कोकणात आठवडाभर राहून दोघांनाही हे जीवन हवेसे वाटले, तर खुशाल पैसे मोजावेत. या दिवसांत दर उतरलेले असण्याचीही शक्यता असते.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा गाड्यांची ओळख करून दिली जाईल तेव्हा संसारासाठी उरणारे वजन, उष्णतारोधनाचा प्रकार, बॅटरीची क्षमता आणि मान्यता प्रमाणपत्र या चार गोष्टी किमतीच्या शेजारी छापाव्यात, ही विनंती. पर्यटन संचालनालयाला आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळालाही (एमटीडीसी) आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती करतो की कॅरॅव्हॅन पार्क होतील तेव्हा होवोत, परंतु तोपर्यंत प्रत्येक पर्यटक निवासाच्या आवारात सोळा अँपिअरचा एक सॉकेट, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्यासाठी झाकण असलेले एक तोंड सशुल्क उपलब्ध करून द्यावे. इमारती आणि सेप्टिक टँक तिथे आहेतच, त्यामुळे खर्च फार येणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यांत्रिकी अभियंता,
चिंचवड, पुणे